जामीन मंजूर झालाय, जामीनदार नाही: कैदेचा खर्च नेमका किती आणि तालुका न्यायालयात पर्याय कोणते?

बिंदुसरा_काठ

तालुका विधी सेवा समितीच्या शिबिरासाठी एक टिपण तयार करायचं आहे. विषय तुरुंगाचा खर्च आणि तुरुंगाला पर्याय. भाषणात टाळ्या घेण्यापुरतं नको, गावातल्या माणसाला दुसऱ्या दिवशी उपयोगी पडेल असं हवं.

डोळ्यांसमोर असा माणूस धरलाय: वडवणी तालुक्यातला, वय २०, ऊसतोड मजूर. दुचाकी चोरीचा पहिलाच गुन्हा. न्यायालयाने १५,००० रुपयांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार यावर जामीन दिलाय. जामीनदार उभा राहत नाही, म्हणून माणूस अजून जिल्हा कारागृहात.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. असा माणूस आत ठेवायला सरकारला रोज किती पडतो? प्रत्येक जण वेगळा आकडा फेकतो. जामीनदार नसेल तर कोणता अर्ज कुठे द्यायचा? आणि पुढे गुन्हा शाबीत झालाच, तर तुरुंगाऐवजी दुसरं काय मागता येतं? नव्या कायद्यात सामुदायिक सेवेची शिक्षा आलीय म्हणतात, ती या माणसाला लागू होते का?

मांजरा_पट्टा

पहिल्याचं उत्तर देतो. आकड्यांचा घोळ होतो तो दोन वेगळे खर्च एकाच पोत्यात भरल्यामुळे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०१९ च्या तुरुंग सांख्यिकीत देशभरातल्या कारागृहांचा २०१९-२० चा प्रत्यक्ष खर्च ५,९५८.३ कोटी रुपये आहे. २०१९ अखेर आत होते ४,७८,६०० बंदी. भागाकार करा: माणशी वर्षाला साधारण १,२४,५०० रुपये, दिवसाला ३४१. हा झाला सरासरी खर्च. शिपायांचे पगार, भिंती, दुरुस्ती, सगळं त्यात आलं.

आता थेट बंद्यांवर झालेला खर्च बघा. तो २,०६०.९६ कोटी, म्हणजे एकूण खर्चाच्या साडेचौतीस टक्के. दिवसाला ११८ रुपये. त्यात जेवणाचे ९८६.१८ कोटी, म्हणजे दिवसाला ५६ रुपये. औषधपाण्याचे ८९.४८ कोटी, दिवसाला पाच रुपये. शिक्षण आणि व्यवसाय प्रशिक्षणाचे २४.२० कोटी, म्हणजे माणशी वर्षाला ५०५ रुपये. सुधारगृह हा शब्द वापरणाऱ्यांनी हा शेवटचा आकडा दोनदा वाचावा.

टिपणात 'एक माणूस सोडला की सरकारचे रोज ३४१ वाचतात' असं लिहू नका, कोणीतरी हिशेबी माणूस पकडेल. बराकीत एक डोकं कमी झालं म्हणून शिपायाचा पगार कमी होत नाही. लगेच वाचतं ते जेवण, औषध, साबण-तेल. मोठा खर्च वाचतो तो आत येणारी माणसंच इतकी कमी झाली की नवी बराक बांधावी लागत नाही, जादा भरती लागत नाही, तेव्हा. २०२२ अखेर देशात क्षमता ४,३६,२६६ आणि बंदी ५,७३,२२०. त्यातले न्यायाधीन, म्हणजे आपल्या भाषेत कच्चे कैदी, ४,३४,३०२. गंमत बघा, देशातल्या सगळ्या कारागृहांची मिळून जेवढी क्षमता, जवळपास तेवढे नुसते कच्चे कैदीच आहेत. पक्के झोपतात कुठे, हा प्रश्न उरतोच.

तुमच्या उदाहरणासाठी सोपा हिशेब: १५,००० ला ३४१ ने भागलं की ४४ येतात. जामिनाची जेवढी रक्कम, तेवढा सरकारचा पैसा सरासरी हिशेबाने त्याला ४४ दिवस आत ठेवण्यात जातो. तीन महिने राहिला तर दुप्पट.

या आकड्यांत न येणारेही खर्च आहेत. तारखेला कैद्याला न्यायालयात नेणारं पोलीस पथक, म्हणजे कैदी पार्टी लागते, तिचा पगार-भत्ता पोलीस खात्याच्या खात्यावर पडतो, कारागृहाच्या नाही. पार्टी मिळाली नाही की तारीख वाया. आणि घरचा खर्च वेगळाच. ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. नवरा आत गेला की बाई अर्धा कोयता होते, मजुरी निम्म्यावर येते, पण मुकादमाकडून घेतलेली उचल पूर्ण जोडीच्या नावावर तशीच उभी राहते. पुढच्या हंगामात ती फेडायला पोरांना घेऊन फडात जावं लागतं. हा खर्च कोणत्याही सांख्यिकीत छापून येत नाही.

खंडपीठ_रोड

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लांब आहे, कारण माणूस आत राहतो तो बहुतेक वेळा कायद्यामुळे नव्हे, कागदांमुळे.

आधी जामिनाच्या आदेशाची प्रत हातात घ्या. ई-कोर्ट ॲपवर प्रकरणाचा १६ अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक टाकला की आदेश दिसतो. नाव, वडिलांचं नाव, गुन्हा नोंद क्रमांक (गु.र.नं.), पोलीस ठाणं हे सगळं कारागृहाच्या नोंदीशी जुळवून बघा. आदेशात 'विठ्ठल' आणि वॉरंटवर 'विठल' असलं तरी सुटकेच्या दिवशी अडतं, आणि दुरुस्ती करायला पुन्हा न्यायालयात यावं लागतं. दुसऱ्या कुठल्या न्यायालयाचं प्रॉडक्शन वॉरंट, म्हणजे कैद्याला हजर करा असा हुकूम, कारागृहात पडून आहे का, तेही विचारा. असेल तर एका प्रकरणातला जामीन घेऊन माणूस बाहेर येत नाही.

जामीनदाराला लागतात: डिजिटल सहीचा सातबारा (महाभूमीवर १५ रुपयांत), आठ-अ, आधार, रेशनकार्ड, फोटो आणि शपथपत्र. काही न्यायालयं तहसीलदाराचा ऐपतीचा दाखलाही मागतात. आपल्याकडे खोळंबा होतो तो या ठिकाणी:

सातबारा अजून आज्याच्या नावावर असतो, वारसाची नोंद झालेली नसते. कायद्याने वारस मालक असला तरी लिपिकाला कागदावर नाव हवं असतं. वारस फेरफाराला नोटिशीचा काळ जातो, म्हणून तो माणूस सोडून दुसरा बघणं बरं.

सातबाऱ्याच्या इतर हक्कात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा. १५,००० च्या जामिनाला बोजा असलेली जमीन चालू शकते, कारण उरलेली किंमत त्याहून कितीतरी जास्त असते. पण हे न्यायाधीशांपुढे तोंडी सांगावं लागतं, न सांगता लिपिक परस्पर परत पाठवतो.

भोगवटादार वर्ग २. मराठवाड्यात मदतमाश, खिदमतमाश अशा इनामी आणि सीलिंगमध्ये मिळालेल्या जमिनी पुष्कळ. हस्तांतराला परवानगी लागते म्हणून हरकत निघते. वर्ग १ वाला जामीनदार शोधा.

आठ-अ मागितला की लोक ग्रामपंचायतीचा घराचा उतारा आणतात. तो नमुना ८, घरपट्टीचा. न्यायालयाला हवा तो तलाठ्याकडचा गाव नमुना ८-अ, खातेदाराच्या जमिनीचा. एक पूर्ण दिवस यात जातो.

जमीनच हवी असा नियम नाही. पगारपत्रक आणि ओळखपत्र असलेला नोकरदार चालतो, मुदत ठेव चालते. जामीनदाराने आधी किती जणांना जामीन दिलाय हे नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या) कलम ४८६ प्रमाणे शपथेवर सांगावं लागतं. न्यायालयाच्या फाटकाबाहेर 'माणूस मिळेल' म्हणणारे असतात, त्यांच्या नादी लागू नका. एकच सातबारा दहा ठिकाणी वापरलेला निघाला की जामीन तर जातोच, वर बनावट कागदपत्रांचा नवा गुन्हा लागतो.

जामीनदार मिळतच नसेल तर क्रमाने असं करा.

एक, त्याच न्यायालयात कलम ४९० खाली रोख जामिनाचा अर्ज. १५,००० जमले तर हा सगळ्यांत जलद मार्ग. बऱ्याचदा न्यायालय 'तूर्त रोख, चार ते सहा आठवड्यांत जामीनदार द्या' अशी अट घालतं. ती मुदत वहीत लिहून ठेवा. ती विसरली की वॉरंट निघतं, आणि मग सगळी धावपळ पहिल्यापासून.

दोन, रक्कमच जड असेल तर कलम ४८४. जामिनाची रक्कम अवास्तव नसावी असं तेच कलम सांगतं, आणि सत्र न्यायालय किंवा उच्च न्यायालय ती कमी करू शकतं. त्यासाठी लगेच खंडपीठापर्यंत जायची गरज नाही, जिल्ह्याला काम होतं.

तीन, सर्वोच्च न्यायालयाचा ३१ जानेवारी २०२३ चा आदेश. जामीन मिळून सात दिवसांत सुटका झाली नाही तर कारागृह अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. सचिव विधी स्वयंसेवक किंवा परिवीक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्याकडून घरच्या परिस्थितीचा अहवाल करून घेतात आणि अट शिथिल करावी म्हणून न्यायालयापुढे ठेवतात. बाहेर आल्यावर जामीनदार देतो असं बंद्याने सांगितलं तर ठरावीक मुदतीचा तात्पुरता जामीन देता येतो. महिनाभरात बंधपत्र झालं नाही तर न्यायालय स्वतःहून अट बदलायचा विचार करू शकतं. स्थानिक जामीनदाराची अट सुटकेच्या आड येत असेल तर ती घालू नये, हेही त्याच आदेशात आहे. परजिल्ह्यात पकडल्या गेलेल्या ऊसतोड मजुरासाठी ही ओळ सोन्यासारखी.

चार, गरीब बंद्यांसाठीची केंद्राची योजना, २०२३ ची. मूळ मार्गदर्शक सूचनांत कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४०,००० आणि पक्क्या कैद्याच्या दंडासाठी २५,००० पर्यंत रक्कम होती. चालू मर्यादा प्राधिकरणाच्या कार्यालयात विचारून घ्या. जिल्ह्याच्या समितीत जिल्हाधिकारी, प्राधिकरणाचे सचिव, पोलीस अधीक्षक, कारागृह अधीक्षक आणि कारागृहाचे प्रभारी न्यायाधीश असतात. पैसा बंद्याच्या हातात येत नाही, न्यायालयात भरला जातो आणि खटला संपल्यावर सरकारकडे परत जातो. भ्रष्टाचार, मनी लाँडरिंग, अमली पदार्थ आणि यूएपीए (बेकायदा कृत्य प्रतिबंधक कायदा) यांचे आरोपी यात बसत नाहीत. रखडतं कुठे? अधीक्षकाची यादी प्राधिकरणाकडे वेळेत जात नाही. नातेवाइकाने आदेशाची प्रत जोडून सचिवांकडे साधा लेखी अर्ज दिला आणि आवक क्रमांक घेतला, तर फाईल हलते.

या सगळ्याला वकील लागेल तो फुकट. कोठडीतल्या माणसाला विधी सेवा अधिनियमाच्या कलम १२ प्रमाणे उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयात आरोपीला मोफत वकील देणारं लोकअभिरक्षक कार्यालय असतं, तिथे जा, नाहीतर १५१०० वर फोन करा.

डीपी_जळाली

सगळं खरं असेल. पण ज्याची मोटार विहिरीवरून उचलून नेली, त्याचा हिशेब कोण मांडणार? पाच एचपीची मोटार, केबल, स्टार्टर गेला की ऐन पाळीच्या वेळी रब्बी जळते. चोर सुटून गावात मिरवतो आणि आम्ही ठाण्यात खेटे घालतो. तुम्ही सगळे ५६ रुपयांचं जेवण मोजत बसलाय.

खंडपीठ_रोड

दादा, राग रास्त आहे. पण माणूस आत राहिल्याने मोटार परत येत नाही, ती येते सुपूर्दनाम्याने, म्हणजे न्यायालयाने बंधपत्रावर ताबा दिल्याने. मोटार जप्त झाली असेल तर खटल्याचा निकाल लागेपर्यंत थांबू नका. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ किंवा ५०३ खाली मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज तालुक्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे द्या. आरोपपत्र गेलेलं नसेल तर सहसा ५०३, खटला चालू असेल तर ४९७. जोडायचं काय: खरेदीची पावती, पंचनाम्याची प्रत, मोटारीवरचा क्रमांक, वीज जोडणीचं बिल. पावती नसेल तर दुकानदाराचा दाखला आणि स्वतःचं शपथपत्र. न्यायालय फोटो काढून, बंधपत्र घेऊन मोटार देतं, आणि मागितली तर हजर करायची अट घालतं. गंज चढेपर्यंत ठाण्याच्या आवारात मोटार पडते, त्याला पुष्कळदा एकच कारण असतं: अर्जच कोणी दिलेला नसतो.

माल मिळालाच नाही तर निकालाच्या वेळी कलम ३९५ खाली भरपाई मागा. आरोपीला परिवीक्षेवर सोडलं तरी परिवीक्षा अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे त्याच आदेशात भरपाई लावता येते. सरकारी वकिलांना नुकसानीचा आकडा कागदावर द्या, तोंडी नको. तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, कलम १९३.

तेरणाथडी

तिसऱ्या प्रश्नाकडे येऊ. सामुदायिक सेवेबद्दल जितकी चर्चा झाली, तितकी तिची पोच नाही. जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या न्याय संहितेत ती फक्त सहा ठिकाणी आहे: लोकसेवकाने बेकायदा व्यापार करणं (२०२), उद्घोषणेनंतरही हजर न राहणं (२०९), लोकसेवकाला अडवण्यासाठी आत्महत्येचा प्रयत्न (२२६), ५,००० रुपयांखालची चोरी (३०३ (२) चं परंतुक), सार्वजनिक ठिकाणी दारू पिऊन गैरवर्तन (३५५) आणि बदनामी (३५६ (२)). चोरीत तीन अटी एकत्र लागतात: किंमत ५,००० पेक्षा कमी, पहिलीच दोषसिद्धी, आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केलेली. तुमच्या माणसाची दुचाकी ५,००० च्या वर जाते, तो यात बसत नाही. शेळी, मोबाइल, सिलिंडर बसू शकतात. म्हणून पंचनाम्यात किंमत काय लिहिली जाते त्याला महत्त्व आहे. जुनाट मोबाइलची नव्याची किंमत लिहिली की माणूस या तरतुदीतून बाहेर गेला. शिवाय ५,००० खालची चोरी आता अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे, म्हणजे त्यात मुळात कोठडीच व्हायला नको.

सेवा कोणती, किती तास, कोणाच्या देखरेखीखाली, हे संहिता सांगत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३ च्या स्पष्टीकरणात एवढंच आहे की समाजाला उपयोगी काम आणि त्याला मोबदला नाही. म्हणून वकिलाने नुसतं 'सामुदायिक सेवा द्यावी' म्हणून थांबू नये. प्रस्तावच लेखी द्यावा: अमुक ग्रामीण रुग्णालय किंवा जिल्हा परिषद शाळा, दर रविवारी चार तास, इतके आठवडे, हजेरी अमुक अधिकाऱ्याच्या सहीने, संस्थेचं संमतीपत्र सोबत. न्यायाधीशाला देखरेख करणारा मिळाला नाही की तो दंडाकडे वळतो, आणि दंड भरला नाही की साधी कैद. ५,००० पर्यंतच्या दंडाला दोन महिन्यांपर्यंत, १०,००० पर्यंत चार महिने. फिरून माणूस तिथेच. आत गेल्यावरही दंड भरला तर त्या क्षणी कैद संपते, काही भाग भरला तर त्या प्रमाणात घटते. घरच्यांना हे सांगा, कारण पुष्कळांना वाटतं की आता उशीर झाला.

तुमच्या माणसासाठी खरा पर्याय म्हणजे परिवीक्षा अधिनियम, १९५८. कायदा जुना, धार चांगली, वापर कमी. कलम ३ मध्ये समज देऊन सोडणं, कलम ४ मध्ये जास्तीत जास्त तीन वर्षांच्या चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडणं. आणि कलम ६: आरोपी २१ वर्षांखालचा असेल आणि गुन्ह्याला जन्मठेप नसेल, तर तुरुंगात पाठवायचं असल्यास न्यायालयाला तशी कारणं लिहावी लागतात. त्याआधी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा लागतो.

इथे एक खाच आहे. वय मोजायचं ते गुन्ह्याच्या दिवशीचं नाही, खटला चालवणारं न्यायालय दोषी ठरवून शिक्षेवर येतं त्या दिवशीचं. सर्वोच्च न्यायालयाने साठच्या दशकातच हे सांगितलंय. तुमचा माणूस २० चा आहे. खटला दीड वर्ष चालला तर कलम ६ हातचं गेलं, मग कलम ४ वर भिस्त. म्हणून अशा खटल्यात तारखा मागत बसणं आरोपीच्याच मुळावर येतं. वयाला आधारकार्ड पुरावा म्हणून लंगडं पडतं. शाळेचा निर्गम उतारा मुख्याध्यापकाच्या सहीने घ्या.

अहवाल करतो तो जिल्हा परिवीक्षा अधिकारी, महिला व बाल विकास विभागाचा. तो घरी येतो तेव्हा नेमकं हंगामाचं घराला कुलूप, शेजारी म्हणतो 'ते कारखान्यावर गेलेत', आणि अहवालात 'कुटुंब आढळून आले नाही' अशी ओळ पडते. ती ओळ महागात जाते. अहवाल मागवला की त्याच आठवड्यात अधिकाऱ्याच्या कार्यालयात जाऊन कारखान्याचं नाव, टोळीचा मुकादम, फोन आणि गावातल्या एखाद्या जबाबदार नातेवाइकाचा पत्ता लेखी द्या. सोबत जॉबकार्ड, बहीण-भावंडांचे शाळेचे दाखले, सरपंच किंवा पोलीस पाटलाचं पत्र. 'चांगल्या घरचा आहे' असं पत्र उपयोगाचं नाही. 'सुटल्यावर अमुक ठिकाणी काम देतो, राहायला जागा आहे' असं ठोस पत्र लागतं.

दुसरी चूक वकिलांची. शिक्षेच्या प्रश्नावर आरोपीला ऐकतात तेव्हा 'दया दाखवावी, घरी म्हातारे आई-वडील' एवढं बोलून बसतात. परिवीक्षेचा अर्ज लेखी असावा, कलमासह. मग नाकारताना न्यायालयाला कारण द्यावं लागतं आणि तेच कारण अपिलात तपासता येतं. अपील न्यायालयही कलम ११ प्रमाणे परिवीक्षा देऊ शकतं.

कलम १२ मुळे दोषसिद्धीची अपात्रता चिकटत नाही, पण पोलीस भरतीच्या फॉर्मवर प्रकरण लपवायची परवानगी त्याने मिळत नाही. लपवलं तर नोकरी लपवल्याबद्दल जाते.

खुल्या कारागृहाबद्दलही कोणीतरी विचारेलच. आपल्याकडे पैठणला आहे, जायकवाडीच्या बाजूला, शेतीकाम चालतं. पहारा कमी लागतो, माफी जास्त मिळते. राज्यात आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरची वसाहत तर १९३९ ची. पण तिथे जातात ते पक्के कैदी, तेही चांगल्या वर्तणुकीचे. कच्च्या कैद्याला तो दरवाजा नाही. त्यामुळे आतल्या गर्दीवर हा उतारा समजू नका.

बिंदुसरा_काठ

इतकं मिळेल वाटलं नव्हतं. दोन शंका राहिल्या. एक तृतीयांश शिक्षा आत भोगली की सोडतात, ते नेमकं कसं मोजायचं? आणि जामिनावर सुटून माणूस ऊसतोडीला गेला, तारीख चुकली, वॉरंट निघालं, हे दरवर्षीचं आहे. त्यावर काय?

गोदाकाठ_परभणी

पहिलं, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९. पूर्वी कधीच दोषसिद्धी झालेली नसेल तर कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश, इतरांना निम्मी. शिक्षा कमाल धरायची, न्यायालय किती देईल याचा अंदाज नाही. दुचाकी चोरी न्याय संहितेचं ३०३ (२), कमाल तीन वर्षं, म्हणजे पहिल्यांदा अडकलेल्याला १२ महिने. टेम्पो किंवा प्रवासी रिक्षा असेल तर कलम ३०५, सात वर्षं, म्हणजे २८ महिने. रात्रीची घरफोडी चोरीसाठी असेल तर ३३१ (४), १४ वर्षं, म्हणजे ५६ महिने. ज्या गुन्ह्याला जन्मठेप किंवा फाशी असू शकते, त्यात हे कलम नाहीच. आरोपीने स्वतः लांबवलेला काळ वजा होतो. आणि मोठी मेख म्हणजे पोटकलम २: एकाहून जास्त गुन्हे किंवा खटले प्रलंबित असतील तर या कलमाखाली सुटका नाही. पोलिसांनी एकाच माणसावर तीन दुचाक्यांचे तीन गुन्हे दाखवले की तो यातून बाद. त्याला नेहमीचा जामीनच मागावा लागतो.

अर्ज करायची जबाबदारी कारागृह अधीक्षकाची आहे, लेखी आणि लगेच. २३ ऑगस्ट २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की १ जुलै २०२४ च्या आधीच्या प्रकरणांनाही हे लागू. पण ज्याला अजून जामीनच मिळालेला नाही, त्याने इतकं थांबायचं कशाला? अशा चोरीत ६० दिवसांत आरोपपत्र आलं नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७ चा हक्काचा जामीन. तो आरोपपत्र येण्याआधी मागितला तरच, ६१ व्या दिवशी सकाळी अर्ज तयार हवा. आणि दंडाधिकाऱ्यापुढच्या खटल्यात पुराव्याच्या पहिल्या तारखेपासून ६० दिवसांत खटला संपला नाही तर त्याच संहितेच्या कलम ४८० (६) खाली जामीन मागता येतो.

आता हंगाम. माणूस पळून गेलेला नसतो, कारखान्यावर असतो, पण समन्स गावच्या पत्त्यावर जातं आणि शिपाई 'मिळून आला नाही' लिहून परत येतो. मग अजामीनपात्र वॉरंट, मग कलम ४९१ खाली जामीनदाराला नोटीस. एकदा जामीनदाराला नोटीस गेली की त्या गावात दुसरा कोणी उभा राहत नाही. तो एक माणूस नाही, पूर्ण वस्तीच जामीनदाराला मुकते.

म्हणून टोळी हलायच्या आधी तीन कामं करा. कारखान्याचं नाव, तालुका, मुकादमाचा फोन यांचा लेखी अर्ज न्यायालयात देऊन पोच घ्यायची. हजेरी माफीचा अर्ज वकिलाकडे सही करून ठेवायचा. पूर्वी वकील त्याला ३१७ चा अर्ज म्हणायचे, आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३५५ आहे. न्याय संहितेतही ३५५ आहे आणि ते दारू पिऊन गोंधळाचं, तेव्हा अर्जावर संहितेचं पूर्ण नाव लिहा. तिसरं, पुराव्याच्या तारखा शक्यतो मे ते सप्टेंबरात घ्याव्यात अशी विनंती पहिल्याच तारखेला नोंदवायची. कारण रास्त असलं की न्यायाधीश बहुधा ऐकतात. ओळख पटवायची असेल त्या तारखेला माफी मिळत नाही, त्या दिवशी यावंच लागतं.

वॉरंट निघालंच तर पोलिसांची वाट बघायची नाही. स्वतःहून न्यायालयात हजर होऊन वॉरंट रद्द करण्याचा अर्ज, सोबत मुकादमाचं किंवा कारखान्याच्या शेती विभागाचं पत्र. स्वतः आलेल्याला बहुतेकदा दंड करून सोडतात, पकडून आणलेला आत जातो.

खंडपीठ_रोड

एक भर. रोख जामीन भरलात तर पावती कोणाच्या नावाने फाडली ते त्याच दिवशी बघा. मुकादमाने पैसे दिले आणि पावतीही त्याच्याच नावाची निघाली, तर निकालानंतर रक्कम त्याच्याच खात्यात जाते आणि उचलीत वळती होते. आरोपीच्या आई किंवा बायकोच्या नावाने भरा, पावतीची झेरॉक्स वकिलाकडे, मूळ पावती पासबुकात. परत घेताना लागतात मूळ पावती, निकालाची प्रत, आधार आणि पासबुकाचं पहिलं पान. मूळ पावती हरवली तर शपथपत्र आणि क्षतिपूर्ती बंधपत्र देऊन रक्कम मिळते, पण दोन-तीन खेपा जास्त होतात.

बिंदुसरा_काठ

वारस नोंद नसलेल्या सातबाऱ्याची आणि पावतीच्या नावाची बाब टिपणात पहिल्या पानावर घेतो. गाव नमुना ८-अ आणि ग्रामपंचायत नमुना ८ यांच्या कोऱ्या प्रती शेजारी-शेजारी लावून फलकावर टांगतो, म्हणजे लोकांना फरक डोळ्यांनी दिसेल.